सावळारामाच्या खाचरातली मरळ

शिमगा होऊन तीन आठवडे झाले, पाडव्याची गुढी उभारली आणि उतरली, तरी गेनूअण्णाच्या गळाला मरळ म्हणून लागली नव्हती. बोरजाईवाडीत ही गोष्ट लहानसहान नव्हे. दरसाल होळीची राख निवायच्या आत अण्णाच्या अंगणात मरळीच्या खवल्यांवरनं कावळे भांडायला लागायचे आणि वाडीतली माणसं म्हणायची, "चला, उन्हाळा लागला." यंदा कावळे कौलावर येऊन बसायचे, ठकुबाईकडं बघायचे आणि तसेच उडून जायचे.

देवानं तोंड दिलंय म्हणून माणसं बोलणारच. कुणी म्हणे म्हाताऱ्याचा हात कापायला लागला, कुणी म्हणे धरणाच्या फुगवट्यातल्या मरळीच संपल्या. तोंडावर बोलायची मात्र कुणाची छाती नव्हती. अण्णाचं वय अडुसष्ट, अंगानं काटक, आणि राग कायम नाकाच्या शेंड्यावर. उजाडायच्या आत गळाची काठी खांद्यावर टाकून, डब्यात आमिषाला चार बेडकुळ्या घेऊन तो पाण्यावर जायचा आणि ऊन तापलं की हात हलवत परत यायचा. दारात बायको उभी असायची. ठकुबाई काही विचारायची नाही, नुसती पिशवीकडं बघायची. वेल्ह्याकडच्या पासलीची लेक ती, तिची नजरच पुरे व्हायची.

आता मासा लागणं न लागणं काय आपल्या हातात असतं? दुसरं एखादं साल असतं तर अण्णानं पाण्याला दोन शिव्या हासडल्या असत्या आणि चिलापीसारख्या हलक्या माशावर भागवलं असतं. पण यंदाची मरळ त्याला स्वतःला खायची नव्हती.

धुळवडीला फलटणच्या बाजूनं फोन आला होता. फोन ठकुबाईच्या थोरल्या जावेचा, फुलाबाईचा. अण्णाचा थोरला भाऊ सावळाराम आता पंचाहत्तरीचा, तिकडं धरणग्रस्तांच्या गावात राहतो. माघात त्याच्या पोटाचं ऑपरेशन झालं. घरी आणला, पण अन्नावरची वासनाच उडाली.

"भाकरी नको म्हणत्यात, भात नको म्हणत्यात," फुलाबाई सांगत होती. "पोरानं शेततळ्यातला मासा आणून दिला, तर वास घेतला आन् थाळी सारली. म्हणले, निस्ता चिखल हाय. म्या इचारलं, मग खावंसं तरी काय वाटतंय? तर म्हणले, आपल्या वाडीची मरळ. ठके, म्या फोन केला म्हून भावजींना सांगू नगंस. पर बघ काय जमतंय का."

ठकुबाईच्या तोंडात तीळ भिजायचा नाही. फोन ठेवायच्या आधीच ती ओट्यावर आली होती. अण्णा तिथं गळाचा तंगूस गुंडाळत बसलेला. त्यानं सगळं ऐकून घेतलं. दोघं सख्खे भाऊ एकमेकांशी बोलले त्याला अठ्ठावीस वर्षं झाली होती. मग खाली बघतच म्हणाला, "घालीन खायला. माझ्या रानातली मरळ घालीन. कळू दे त्याला, कुणाच्या रानातलं खातोय ते."

सगळी गोम ह्या एका बोलण्यात आहे. ती कळायची तर थोडं मागं जायला हवं.

वाडी आज आहे ती डोंगराच्या अंगाला, रस्त्याच्या वर. जुनी वाडी खाली होती, नदीकाठी. आता तिथं धरणाचा फुगवटा आहे. पुण्याची माणसं रस्त्याकडेला गाडी थांबवतात, फोटो काढतात आणि म्हणतात, वा, काय निळं पाणी! त्या निळ्या पाण्याखाली भाताची खाचरं आहेत, पायरीपायरीनं नदीकडं उतरत गेलेली. एकेकाळी प्रत्येकाला नाव होतं: बोरीचं, पाणंदीचं, वडाखालचं, डोहावरचं. फाल्गुनात पाणी उतरायला लागलं की ही खाचरं एकेक करून डोकं वर काढतात. वरनं ऊन लागलं की खोल, गार पाण्यातली मरळ उथळ पाण्याला येते आणि जुन्या बांधाच्या कपारीला अंग लावून पडते. बाकीच्यांना नुसतं पाणी दिसतं. गेनूअण्णाला पाण्याखालचा बांध दिसतो, बांधातली फट दिसते, त्या फटीच्या तोंडाशी पडलेली मरळसुद्धा दिसते म्हणतात. दिसणारच की. ते बांध त्यानं आपल्या हातानं रचलेत.

आणि त्याच्या बरोबरीनं सावळारामानं रचलेत. बाप लवकर गेला, तेव्हा गेनू पाच वर्षांचा आणि सावळाराम बारा. आई दुसऱ्याच्या लावणीला जायची आणि दादा गेनूला सांभाळायचा. चैत्रात नदी तुटायची, मागं डोह राहायचे. दादा त्याला खांद्यावर घेऊन डोहात उतरायचा आणि म्हणायचा, "हलू नगंस. श्वासबी हळू घे." पाण्यावर तांबड्या पिलांचा पुंजका दिसला की मात्र दादा गळ गुंडाळून ठेवायचा. पिलं राखत बसलेली मरळ मारायची नाही, असा त्याचा कायदा होता. आयशीबिगर लेकरं कुठं जातील, म्हणायचा. गेनूला राग यायचा, कारण भूक लागलेली असायची. पण मरळ मिळाली त्या दिवशी घरात सण असायचा. आई चुलीत खोबऱ्याचा तुकडा भाजायची, लसूण ठेचायची, चिंचेचा कोळ घालायची, आणि तांदळाची भाकरी तव्यावर टम्म फुगायची. तो वास अण्णाला अजून येतो. गॅसच्या शेगडीवर तो येत नाही, हे ठकुबाईला सांगायची त्याची आजवर छाती झाली नाही.

वाटण्या झाल्या त्या आईच्या देखत, हसतखेळत. डोहावरच्या रानातलं वरचं खाचर सावळारामाचं, खालचं गेनूचं, मध्ये एक बांध. पण बांध आला की भाऊबंदकी आलीच. दरसाल लावणीच्या आधी दोघंही बांध तासायचे. कुदळीनं, थोडा थोडा, आपापल्या बाजूनं. दोघंही म्हणायचे, आमी नुसतं गवत काढतोय. ज्या बांधावरनं आई डोक्यावर पाटी घेऊन ताठ चालत यायची, त्या बांधावरनं पुढं पुढं कोंबडीलासुद्धा जाता येईना. आई गेली, आणि त्याच आषाढात तो कुरतडलेला बांध फुटला. वरच्या खाचरातला सगळा चिखल गेनूच्या नुकत्याच लावलेल्या रोपांवर आला. कुणामुळं फुटला? दोघांमुळं. पण हे आत्ता कळतं. तेव्हा गेनू गुडघाभर चिखलात उभा राहून ओरडला होता, "आईची आण घेऊन सांगतो! पुन्यांदा तुझ्या रानात पाय टाकणार न्हाई, हात घालणार न्हाई! तुझ्या रानातला एक दाणा घेणार न्हाई!"

दोन वर्षांनी धरणात पाणी अडलं. दोन्ही खाचरं बुडाली, बांधही बुडाला. कुणालाही वाटेल, मिटलं. हॅत्! सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही म्हणतात, इथं तर सुंभ नुसता बुडाला होता. सावळाराम फलटणकडं गेला. गेनूलाही तिकडंच जमीन मिळत होती, भावाच्या शेजारी, बांधाला बांध लावून. म्हणूनच तो गेला नाही. डोंगरावरची नाचणीची वरकस जमीन धरून इथंच राहिला, आणि रानावर पाणी आलं म्हणून पाण्यात गळ टाकायला लागला.

पण आण ती आण. सव्वीस वर्षांत अण्णानं सावळारामाच्या खाचरावरच्या पाण्यात एकदाही गळ टाकला नव्हता. कुणाला खोटं वाटेल, पण वाडीतल्या जुन्या माणसांना ठाऊक आहे. आणि दरसाल ते खपूनही जायचं. शिमग्यापर्यंत पाणी सावळारामाच्या खाचरावरनं उतरून गेलेलं असायचं, काठ बरोबर गेनूच्या खाचरात यायचा आणि मरळीही तिथंच यायच्या. यंदा पाऊस दिवाळीपर्यंत रेंगाळला, धरणातनं पाणी उशिरा सोडलं, आणि पाण्याची कड सावळारामाच्या खाचरातच अडकून बसली. तिथं कमरेएवढं, कोमट, मरळीला पाहिजे तसं पाणी. बांधाच्या पलीकडं, गेनूच्या रानावर, अजून दोन पुरुष खोल आणि थंडगार.

तिथं म्हसोबाचा खडक आहे, पाण्यात शिरलेला. तो सगळ्या वाडीचा, त्यामुळं त्याच्यावर बसायला हरकत नाही. टोकाला बसलं की डाव्या हाताला सावळारामाचं खाचर, उजव्या हाताला गेनूचं, आणि मधला बांध बरोबर पायाखालनं पाण्यात उतरलेला. अण्णा तीन आठवडे त्या टोकाला बसला आणि उजवीकडं गळ टाकत राहिला. डावीकडं मरळ हवा घ्यायला वर यायची, डुबुक आवाज व्हायचा. अण्णा दात आवळायचा, पण मान फिरवायचा नाही.

पाडव्यानंतरच्या रविवारी भोरहून अमजद आला. अमजदचा स्वतःचा टेम्पो आहे, आठवडाभर शिरवळ ते भोर माल वाहतो आणि उन्हाळ्यात रविवारी सकाळी अण्णाबरोबर पाण्यावर बसतो. पंधरा वर्षांची दोस्ती. त्याला बिचाऱ्याला पाण्याखालचं भूमापन काय ठाऊक! दरसाल पाण्याची कड खालच्या खाचरात आल्यावरच तो यायचा, तेव्हा डावं-उजवं करायची वेळ कधी आली नव्हती. तो आला, डावीकडं बसला, बेडकुळी लावली आणि अर्ध्या तासात दीड किलोची मरळ खडकावर आपटायला लागली. मग दुसरी.

"अण्णा, हिकडं टाका की," अमजद म्हणाला. "हितं बाजार भरलाय मरळींचा."

"तिकडं माझं न्हाई."

"काय न्हाई?"

"रान."

अमजदनं पाण्याकडं पाहिलं, अण्णाकडं पाहिलं. "कुठाय रान?"

अण्णानं काठीच्या टोकानं पाण्यावर रेघ ओढली. "हितनं हिकडं माझं. हितनं तिकडं सावळ्याचं."

अमजदला हसू आवरेना. "अवो अण्णा, मासा काय सात-बारा बघून ऱ्हातो व्हय?"

"मासा बघत न्हाई. म्या बघतो."

मग अमजदनं खोदून खोदून विचारलं आणि अण्णानं तोडून तोडून सांगितलं. आजारी भाऊ, फोन, आण, सगळं. ऐकून अमजदचं हसू गेलं. त्यानं त्यातली मोठी मरळ उचलून अण्णापुढं धरली. "ही घ्या. आत्ता टेम्पोत बसा, म्या सोडतो फलटणला. म्हणा, माझ्या दोस्तानं दिली."

"नगं."

"का पर?"

"सावळ्याच्या रानातली मरळ सावळ्याला नेऊन दिली, तर म्या काय दिलं?"

अमजदनं मरळ परत खडकावर ठेवली. अण्णाला द्यायचं होतं हो! भावाचा राग होता, पण त्याच भावानं त्याला खांद्यावर वागवला होता, आणि अण्णानं उभ्या जन्मात त्याला काही दिलं नव्हतं. लहानपणी देण्यासारखं काही नव्हतं, मोठेपणी द्यायची बुद्धी झाली नाही. आता एक मरळ मागितलीय तर ती स्वतःच्या रानातली, स्वतःच्या हातानं धरलेली हवी होती. हट्ट खुळा होता, पण त्याच्या आत माया होती. आणि त्या हट्टापायी तिकडं माणूस उपाशी होता, हे अण्णाला कळत नव्हतं असंही नाही. रात्री जेवताना त्याचा घास तोंडाशी थांबायचा. पण सकाळी खडकावर गेला की हात आपला उजवीकडंच वळायचा.

मंगळवारी फुलाबाईचा पुन्हा फोन आला. ह्या वेळी ती बोलण्यापेक्षा रडलीच जास्त. सावळाराम आता चार चमचे पेजेवर आला होता.

दुपारी अण्णा मोकळ्या पिशवीनं परत आला. पाय धुतले, पाटावर बसला. ठकुबाईनं ताट वाढलं नाही. कमरेवर हात ठेवून समोर उभी राहिली.

"आजबी मोकळं?"

"पानी उतरंना तर म्या काय करू? आठ दिसांत उतरंल."

"आठ दिसांनी मरळ कुणाला घालणार? दादांना, का त्यांच्या दहाव्याला?"

"ठके!"

"वरडू नगा. अमजदभाईंनी समदं सांगितलंय मला. तिकडं त्यो माणूस अन्नावाचून वाळतोय, आन् तुमी हितं पान्याचा बांध राखत बसलाय! म्हणं आईची आण! आत्याबाई असत्या ना, तर त्याच काठीनं बडवून काढलं असतं तुमास्नी."

आणि एवढं बोलून ठकुबाई रडायलाच लागली. तिला भांडताना वाडीनं शंभरदा पाहिलं असेल, रडताना कुणी पाहिलं नव्हतं. अण्णा पाटावरनं उठला. काठी घेतली. भर दुपारी, डोक्याला टॉवेल गुंडाळून, न जेवता परत पाण्यावर गेला.

खडक चटचट भाजत होता. टोकाला उभं राहून त्यानं आधी हात जोडले आणि मोठ्यानं म्हणाला, "आये, आण मोडतोय. काय पाप लागायचं त्ये मला लागू दे. त्याला जेवू दे." मग डावीकडं वळला. त्या पाण्याकडं नीट बघताना त्याला पहिल्यांदा कळलं, की भावाचं खाचर त्याला अजून पाठ आहे. कोपऱ्यातला खडक, पाणी काढून द्यायला बांधात ठेवलेली मोरी, मोरीवरची लांब फरशी. ती फरशी दोघांनी मिळून नदीतनं ओढत आणली होती, एक अख्खी सकाळ लागली होती. अण्णानं बेडकुळी बरोबर फरशीच्या पुढ्यात टाकली.

तंबाखू मळून तोंडात टाकायलासुद्धा वेळ मिळाला नाही. हिसका असा आला की काठीची पार कमान झाली. मरळ मोठी होती, अडीच किलोच्या वर. सरळ मोरीकडं निघाली. मोरीत शिरली की तंगूस दगडावर तुटणार हे अण्णाला ठाऊक होतं, तसंच ते मरळीलाही ठाऊक असावं. त्यानं काठी उजवीकडं आडवी टाकली, सगळं वजन घातलं आणि मरळ बांधावरनं ओढून पलीकडं आपल्या रानावरच्या खोल पाण्यात नेली. तिथं अडकायला काही नव्हतं. तिथं तिला खेळवली, दमवली आणि खडकावर घेतली. हात खरंच कापत होते. त्यानं मरळीच्या तोंडातनं गळ सोडवला आणि मग त्याच्या मनात आलं, आता ही कुणाच्या रानातली म्हणायची? लागली तिकडं, पण धरली इकडं. म्हटलं तर आपली म्हणता येते.

हा विचार अण्णाबरोबर घरी आला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी एस्टीत पण बसला.

मरळ चिवट. झाकणाच्या बादलीत चार बोटं पाणी आणि वर ओलं पोतं टाकलं की दिवसभर जिती राहते. अमजदनं उजाडताना त्याला भोरच्या स्टँडवर सोडलं आणि निघताना म्हणाला, "अण्णा, भांडू नगा बरं का तितं जाऊन." भोरहून शिरवळ, शिरवळहून लोणंद, लोणंदहून फलटणची गाडी. गाडीनं गचका दिला की बादलीत मरळ धडपडायची आणि पुढच्या सीटवरची बाई मागं वळून बघायची. शेवटी तिनं विचारलंच, "आजोबा, काय हाय वो त्यात?" अण्णा म्हणाला, "भावाचा खाऊ." आणि मग लोणंदपर्यंत मनातल्या मनात घोकत राहिला: माझ्या रानातली. दादा, माझ्या रानातली हाय. सांगायला काय जातंय? त्याला बरं वाटेल, आपल्यालाही बरं वाटेल. सव्वीस वर्षं पाण्याखाली असलेलं रान बघायला कोण येतंय?

फुलाबाई दारातच होती. तिनं तोंडावर पदर घेतला, पाण्याचा तांब्या पुढं केला आणि बाजूला झाली. आतल्या खोलीत खाटेवर सावळाराम पडला होता. अण्णा उंबऱ्यातच थबकला. त्याच्या मनातला दादा अजून सत्तेचाळीस वर्षांचा होता, कुदळ घेऊन बांधावर उभा असलेला. खाटेवर नुसती हाडं होती आणि दोन डोळे. त्या डोळ्यांनी त्याला ओळखलं. अण्णानं बादली खाटेजवळ नेऊन ठेवली आणि पोतं काढलं. सावळारामानं कुशीवर होऊन हात बादलीत घातला आणि मरळीच्या पाठीवरनं हळूहळू फिरवला.

"जाडजूड हाय," तो म्हणाला.

"व्हय," अण्णा म्हणाला.

अठ्ठावीस वर्षांनी भाऊ भावाशी बोलला ते एवढंच.

मरळ अण्णानंच परसात बसून साफ केली. फुलाबाईनं चूल पेटवली, शेगडीला हातसुद्धा लावला नाही. खोबरं भाजल्याचा वास घरात फिरला तेव्हा सावळाराम स्वतःहून उठून बसला. पाठीला उशी लावली. अण्णा समोर जमिनीवर. फुलाबाईनं भाकरी रश्श्यात कुस्करून दिली. सावळारामानं पहिला घास घेतला, डोळे मिटले, कितीतरी वेळ तो तोंडात घोळवला. दुसरा घेतला. वाटी संपली. "घाल," म्हणाला. फुलाबाईनं घाईघाईनं वाढलं, रस्सा वाटीबाहेर सांडला. दुसरी वाटीही निम्मी संपली, तेव्हा त्यानं मान वर केली.

"कुठं घावली रं?"

अण्णानं घोकलेलं सगळं जिभेवर होतं. त्यानं भावाच्या तोंडाकडं पाहिलं, हनुवटीला रस्सा लागला होता.

"तुझ्या खाचरात," तो म्हणाला. "मोरीच्या तोंडाशी. आण मोडली म्या, दादा. माझं कायच न्हाई ह्यात. तुझंच तुला आणलंय."

सावळाराम थांबला. मनात कसला तरी हिशेब चालला होता. "म्हंजी पानी अजून वरच हाय."

"व्हय."

"मग शिमग्यापास्नं काय करत व्हतास?"

"माझ्या रानात गळ टाकत व्हतो."

"दोन पुरुस पान्यात?"

"व्हय."

सावळाराम हसायला लागला. आधी नुसते खांदे हलले, मग आवाज फुटला, मग खोकला आला. फुलाबाई धावत आली, पाठीवरनं हात फिरवला. त्यानं तिला बाजूला सारलं. डोळ्यांतनं पाणी वाहत होतं आणि ते हसण्याचंच होतं असं काही सांगता येईना.

"गेन्या," तो म्हणाला, "हितं लई रान हाय. काळीभोर जमीन, बारा महिनं पानी. पर पंचवीस वर्सं झाली, बांधाला माझ्याशी कुणी भांडाय आलं न्हाई. श्येजाऱ्यानं दोन हात आत नांगर घातला तरी म्या कायबी बोलत न्हाई. काय बोलू? त्याच्याशी भांडाय त्यो माझा कोण?"

अण्णाच्यानं ऐकवेना. सव्वीस वर्षांपूर्वी तो शेजार त्याचा होता, सरकारनं देऊ केलेला, आणि त्यानंच तो नको म्हटला होता. तो खाटेच्या माच्याला डोकं टेकून लहान पोरासारखा रडला. सावळारामानं त्याच्या डोक्यावर हात ठेवला. हाताला मरळीचा वास होता.

बऱ्याच वेळानं अण्णानं नाक ओढलं, टॉवेलनं तोंड पुसलं आणि म्हणाला, "पर बांध तूच तासत व्हतास, दादा."

"म्या?" सावळाराम उशी सोडून ताठ झाला. "आरं लाज वाटती का? कुदळ घिऊन तू यायचास भल्या पहाटं!"

"म्या गवत काढत व्हतो!"

"गवत! गवत काढतानी धोंडं कसं निघत व्हतं रं मग?"

आतनं फुलाबाईचा आवाज येत होता. ती ठकुबाईला फोनवर सांगत होती, रडत की हसत ते कळत नव्हतं. "व्हय गं, जेवले. दीड वाटी. न्हाई, भावजी आज येत न्हाईत. आगं, कशाची एस्टी? ऐक की. भांडाय लागल्यात दोघं. व्हय, बांधावरनंच. थांब, फोन दारात धरती, तूबी ऐक."